काच कोणत्या बाजूने फुटली

काचवाल्याला चारचौघांत बोलायचं म्हटलं की दरदरून घाम फुटायचा. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो माप विचारी, जाडी विचारी आणि मुकाट्याने कामाला लागे. "यांच्याशी संसार म्हणजे मूकपटात काम केल्यासारखं आहे," असं त्याची बायको माहेरच्यांना सांगे, आणि त्यावरही तो नुसता हसे. वय चोपन्न, डोक्यावर विरळ केस, दोन्ही हातांवर काचेने दिलेल्या बारीक पांढऱ्या रेघा. तीस वर्षांत गावातल्या निम्म्याअधिक खिडक्यांना त्याचा हात लागला होता, पण भाषण म्हणून त्याने एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

घरातलं सगळं बोलणं थोरल्या बहिणीच्या वाट्याला आलं होतं. तिला सगळे आक्का म्हणत. आक्काची उभी हयात दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारण्यात गेली. लोकांना तोंड उघडायला लावणं हा आपला धंदाच आहे, असं ती स्वतःच म्हणायची. निवृत्त झाल्यावर ती गावातल्या मूठभर हिंदूंच्या मंडळाची अध्यक्ष झाली. मंडळ तोवर वर्षातून चारदा जमायचं, खुर्च्या मांडायचं, चहा प्यायचं आणि खुर्च्या उचलून घरी जायचं. आक्काने त्याला कामाला जुंपलं. शाळेत पोरांना "माकडाची पूजा करणारे" म्हणून चिडवतात, बसमध्ये एका बाईच्या टिकलीवर बोटाने नेम धरून टवाळ खिदळतात, देवळाच्या पाटीला कुणी काळं फासून जातं, हे सगळं घरोघरी बोललं जायचं आणि घरातच विरून जायचं. आक्का म्हणाली, "रडगाणं पुरे झालं. लिहून द्या. मी नेते नगरपालिकेत."

नगरपालिकेच्या ज्या बाकावर ती पहिला अर्ज घेऊन बसली, त्याच बाकावर गणिताच्या बाई बसल्या होत्या. बाई ज्यू होत्या, गावातल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, कारभारात त्यांचा शब्द चाले, आणि चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. काचवाल्याच्या मुलीला बीजगणिताच्या पलीकडच्या काठाला त्यांनीच लावलं होतं. ज्यूंच्या वाट्याला गावात जे जे येई, म्हणजे भिंतीवरची घाण अक्षरं, दारात टाकलेला कचरा, फोनवरच्या शिव्या, ते सगळं बाई एकवीस वर्षं एका जाड वहीत लिहीत आल्या होत्या.

त्यांनी आक्काचा अर्ज वाचायला मागितला. मग पर्समधून लाल पेन काढलं आणि आक्काच्या डोळ्यांदेखत "अत्यंत निंदनीय", "संतापजनक" आणि "माणुसकीला काळिमा फासणारे" या तिन्हींवर फुल्या मारल्या.

"अहो, हे काय करताय?" आक्का उडालीच.

"विशेषणं काढतेय," बाई शांतपणे म्हणाल्या. "विशेषण वाचलं की कारकुनाला वाटतं, बाई चिडलीय, होईल थंड. किती वाजता, कुठे, कोण काय म्हणालं, कोणी पाहिलं, एवढंच लिहा. मग त्याला खुर्चीतून उठावं लागतं."

आक्काच्या लिहिण्यावर कुणी फुली मारायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. ती तणतणत भावाच्या दुकानात आली, पाणी प्याली, अर्ज पुन्हा वाचला आणि म्हणाली, "बाळ्या, बाई खडूस आहे, पण बरोबर आहे."

तेव्हापासून दर मंगळवारी दोघी एकत्र बसायला लागल्या. एका आठवड्यात सिनेगॉगच्या मागच्या खोलीत, एका आठवड्यात मंडळाच्या. सिनेगॉगच्या फोनवर शिव्या आल्या की पोलीस चौकीत बाईंच्या शेजारी आक्का उभी. देवळाच्या पाटीला काळं लागलं की आक्काच्या शेजारी बाई. दोन म्हाताऱ्या एकदम समोर आल्या की चौकीतला माणूस आपोआप ताठ बसे. दोन वर्षांत मंडळाच्या फाइलीत एकेचाळीस घटना जमल्या. पण नगरपालिकेच्या द्वेषाच्या घटनांच्या नोंदवहीत हिंदूंसाठी रकानाच नव्हता, त्यामुळे त्या सगळ्याच्या सगळ्या "इतर" या रकान्यात जाऊन पडल्या. स्वतंत्र रकाना मिळावा म्हणून आक्काने अकरा महिने हेलपाटे घातले, तेव्हा कुठे समता समितीपुढे दहा मिनिटांची सुनावणी मिळाली. तारीख ठरली, आणि तारखेच्या दोन आठवडे आधी सिनेगॉगची खिडकी फुटली.

सकाळी साडेसहाला राखणदाराचा फोन आला. दर्शनी भिंतीतलं मोठं तावदान गेलंय, आठला म्हातारी माणसं प्रार्थनेला येतील, लवकर या. काचवाला चहा तसाच ठेवून निघाला. जाऊन पाहतो तो तावदानाच्या मधोमध भोक, तिथून चारी बाजूंना तडे, खालचा अर्धा भाग चौकटीत घट्ट आणि वरच्या अर्ध्या भागाचे लांब सुळे नुसते पुट्टीच्या आधाराने लोंबतायत. त्या सुळ्यांच्या बरोबर खाली, आतल्या बाजूला, म्हाताऱ्यांचा बाक होता.

त्याने बाहेरून शिडी लावली. एकेक सुळा हलक्या हाताने सोडवला आणि फुटपाथवर पोत्यावर ठेवत गेला. आत गालिचा होता. त्यात कण अडकला की वर्षभर निघत नाही, हे तो अनुभवाने जाणून होता. आत जे थोडंफार पडलं होतं ते राखणदाराने केरसुणीने गोळा केलं. मग काचवाल्याने खालच्या अर्ध्या काचेसकट खिडकीची झडप बिजागरीतून काढली, गाडीत घातली आणि तो प्लायवूड आणायला दुकानाकडे गेला. जाऊन-येऊन अर्धा तास. नेमक्या त्या अर्ध्या तासात, राखणदार मागे केर टाकायला गेला असताना, हवालदार येऊन, पाहून, टिपून गेला.

दोन दिवसांनी बाकाखाली सायकलच्या बेअरिंगची एक पोलादी गोळी सापडली. बाई ती कागदात गुंडाळून चौकीत घेऊन गेल्या. तोवर हवालदाराचा कागद तयार झाला होता. त्यात लिहिलं होतं: काचेचे बहुतांश तुकडे इमारतीबाहेर आढळले, काच आतून फोडली गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. आणि गोळी? चौकीत म्हणाले, दोन दिवसांनी सापडलेली गोळी कोणीही ठेवली असेल.

गावातल्या पेपराने ते वाक्य उचललं आणि पहिल्या पानावर छापलं.

काचवाल्याला ते कळलं सलूनमध्ये. तोंडाला साबणाचा फेस, गळ्यात टॉवेल, आणि पलीकडच्या खुर्चीतला माणूस आरशात बघून सांगत होता, "स्वतःच फोडली म्हणे. सहानुभूती लागते ना त्यांना. फार पोचलेले असतात ते लोक." सलूनवाला हसला. तुकडे बाहेर? बाहेर तर आपण ठेवले! फेसाखाली काचवाल्याचे ओठ हलले, पण शब्द काही बाहेर पडेना. दाढी झाली आणि तो सुटे पैसेही न घेता निघून आला.

त्याच संध्याकाळी मंडळाची बैठक होती. एरवी तो खुर्च्या लावून मागच्या रांगेत बसे. मंडळाचा चिटणीस विमा कंपनीत नोकरीला होता, हिशेबी आणि सावध, आणि मनाने तसा वाईट नव्हता. पण तो म्हणाला, "आक्का, सुनावणी तोंडावर आलीय. सध्या त्या लोकांपासून जरा लांब राहिलेलं बरं. आणि कोण जाणे, केलंही असेल त्यांनी. हुशार जात आहे ती."

आक्काने चष्मा काढला. चष्मा काढला की पुढे काय होतं हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं.

"'त्या लोकांपासून'," ती म्हणाली. "तुमच्या मुलाला शाळेत काय म्हणाले होते, चिटणीस? 'हे लोक अस्वच्छ असतात.' तुम्ही रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला होतात. तो अर्ज कुणी तपासला? शाळेत तुमच्या मुलाच्या बाजूने कोण बसलं होतं?"

शाळेत गणिताच्या बाई बसल्या होत्या.

"आणि हे 'नाकारता येत नाही' म्हणजे काय हो?" आक्का आता पेपराकडे वळली. "मी उद्या विमान चालवीन, ही शक्यताही नाकारता येत नाही!"

दोघंतिघं हसले. आणि त्या हसण्याच्या आडोशाने मागच्या रांगेतून आवाज आला, "तुकडे मी ठेवले होते."

सगळ्यांच्या माना वळल्या. काचवाला उभा होता आणि त्याने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"बाहेर. पोत्यावर. मी. हवालदार यायच्या आधी." एवढं बोलून तो बसला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

दुसऱ्या दिवशी तो चौकीत गेला. मागची रात्र त्याने मनातल्या मनात वाक्यं जुळवण्यात घालवली होती. चौकीतल्या कारकुनाने ऐकून घेतलं, जबाब कागदावर उतरवलाही, पण पेन ठेवता ठेवता म्हणाला, "तुम्ही त्यांचे नेहमीचे काचवाले ना? म्हणजे त्यांच्याच बाजूचे. शिवाय तुमची ती अध्यक्षीण आणि ती मास्तरीण हल्ली जोडीने फिरतात. या जबाबाला किती वजन मिळेल, सांगता येत नाही."

"काच आहे माझ्याकडे," काचवाला म्हणाला. "अर्धी. त्यात अर्धं भोक आहे. कोणत्या बाजूने मारलं ते त्यावरनं कळतं."

"तुम्हाला कळत असेल. मला काय कळणार?"

काचवाला परत दुकानात आला. झडप कोपऱ्यात उभी होती. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला. आयुष्यात त्याला कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं, आजही कुणी म्हटलं नव्हतं. नुसतं बाजूला सारलं होतं. आपली बहीण गेली दोन वर्षं हे दर आठवड्याला सोसते आणि तरी दुसऱ्या मंगळवारी फाइल घेऊन हजर असते, हे त्याच्या ध्यानात आलं. ती बडबडी आहे असं तो इतकी वर्षं समजत होता. किती वेळा तिला असं बाजूला सारलं असेल, हे त्याने कधी मोजलंच नव्हतं.

संध्याकाळी आक्का आली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"खिडकीचा विषय समितीपुढे घेत नाहीत," ती म्हणाली. "बाईंनी विचारलं होतं. पोलीस चौकशी चालू आहे म्हणे. बाईंना दहा मिनिटं आहेत ती त्यांच्या वार्षिक अहवालापुरती."

"मग?"

"मग माझी दहा मिनिटं आहेत की."

"आक्का, तुझा रकाना..."

"बाळ्या, रकाना कशासाठी हवाय आपल्याला? आपल्या बाबतीत जे घडलं ते खरं लिहिलं जावं म्हणून ना? मग शेजाऱ्याच्या बाबतीत खोटं लिहिलेलं डोळ्यांनी पाहायचं, ते खोटं तुझ्या हातून झालेलं, आणि आपण आपला रकाना मागत बसायचं? मला नाही जमणार." ती उठली. "पण दाखवायचं तूच. मला काचेतलं ओ की ठो कळत नाही."

चिटणिसाला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अकरा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी!" आक्का म्हणाली, "हो." बाईंना मात्र तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, हे ती ओळखून होती.

सुनावणी दुपारी तीनला होती. नगरपालिकेचं सभागृह, लांब टेबलामागे समितीचे सात जण, मधे सभापती आणि त्यांच्यासमोर मिनिटं मोजायचं घड्याळ. नियमाप्रमाणे पोलिसांतर्फे एकाला हजर राहावं लागे. त्या दिवशी तो हवालदारच आला होता. पुढच्या रांगेत गणिताच्या बाई आणि त्यांच्या कारभारातले एक वयस्कर शिंपी, सिनेगॉगमधले सगळ्यांत जुने सभासद. काचवाला आला तो झडप चादरीत गुंडाळून, आणि काखेत लाकडी चौकटीत बसवलेल्या तीन लहान जाड काचा घेऊन. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना काही उमजेना.

मंडळाचा पुकारा झाला. आक्का उठली. "माझी वेळ मी माझ्या भावाला देते. तो काचवाला आहे."

"विषय मात्र तोच हवा," सभापती म्हणाले.

"विषय तोच आहे. घटनेची नोंद चुकीची झाली की काय होतं."

सभापतींनी क्षणभर विचार केला आणि घड्याळ सुरू केलं.

काचवाला उभा राहिला. पहिलं अर्धं मिनिट नुसतं गेलं. त्याला समोरचे सात चेहरे धुरकट काचेतून बघावेत तसे दिसत होते. आक्का मागून काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्या ऐवजी बोलली नाही. मग त्याने चादर सोडली, झडप टेबलाला टेकवून उभी केली, लाकडाचा ओळखीचा खरखरीतपणा हाताला लागला आणि तोंड सुटलं.

"तुकडे बाहेर मी ठेवले. खाली म्हाताऱ्यांचा बाक होता म्हणून. हवालदारसाहेबांनी जे पाहिलं तेच लिहिलं, त्यांची चूक नाही. मी थांबायला हवं होतं. पण काच कोणत्या बाजूने फुटली ते तुकडे कुठे पडले त्यावरून नाही ठरत. भोकावरून ठरतं. ज्या बाजूने मार बसतो तिथे भोक लहान असतं. पलीकडच्या बाजूला खपल्या उडतात, वाटीसारखं पसरट होतं. मी सांगतो म्हणून मानू नका. हवालदारसाहेब, या तीन काचा घ्या. ही गलोल, या गोळ्या. प्रत्येक काचेच्या एका बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवलीय. मागच्या अंगणात जाऊन मारा. चिठ्ठीच्या बाजूने मारा नाहीतर उलट्या बाजूने, तुमची मर्जी. काय केलं ते लिहून सभापतींना द्या. मग मी सांगतो."

एवढी वाक्यं त्याच्या बायकोने लग्नापासून एका दमात ऐकली नव्हती. ती मागे बसून तोंडावर पदर धरून होती.

हवालदार सभापतींकडे बघू लागला. सभापती म्हणाले, "जा. पण घड्याळ थांबणार नाही." समितीतले दोघं त्याच्याबरोबर गेले. सभागृहात सगळे कान देऊन बसले. भिंतीपलीकडून आवाज आला. मग दुसरा. तिसरा. आणि थोड्या वेळाने आणखी एक. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

काचा आल्या. घडी घातलेला कागद सभापतींच्या हातात गेला. काचवाल्याने पहिली चौकट उजेडाकडे धरली, करंगळीचं नख भोकाच्या कडेवरून फिरवलं. "चिठ्ठीच्या बाजूने." दुसरी. "उलट्या बाजूने." तिसरी मात्र त्याने बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली. तिच्यात दोन भोकं होती. घड्याळात दोन मिनिटं उरली होती. चिटणिसाने डोळे मिटून घेतले.

"ही दोनदा मारलीय," काचवाला म्हणाला. "आधी चिठ्ठीच्या बाजूने, हे वरचं भोक. मग उलटून हे खालचं. खालच्याचे तडे वरच्याच्या तड्यांपाशी येऊन थांबलेत, पुढे गेले नाहीत. म्हणजे वरचे आधीचे."

सभापतींनी कागद उघडला, वाचला आणि शेजारच्याकडे सरकवला. तो कागद सात जणांच्या हातांतून फिरला. मग सगळ्यांनी हवालदाराकडे पाहिलं.

हवालदार चांगला उंचापुरा गडी, पण आता शाळेत उभं केल्यासारखा दिसत होता. "मी मुद्दाम दोनदा मारली," तो म्हणाला. "म्हटलं, बघू, फसतात का."

"आता ही बघा," काचवाल्याने झडप त्याच्याकडे वळवली. "तुम्हीच बघा. हिरवा रंग आणि पुट्टी आहे ती बाहेरची बाजू. पांढरा रंग आतला."

हवालदार गुडघ्यांवर बसला. काचवाल्याने केलं तसंच त्याने अर्ध्या भोकाच्या कडेवरून नख फिरवलं, आधी हिरव्या बाजूने, मग पांढऱ्या. पांढऱ्या बाजूला नख खडबडीत वाटीत अडखळलं. तो उठून उभा राहिला, आणि त्याने जे केलं त्याबद्दल गावात पुढे त्याचं नाव निघालं ते योग्यच होतं. त्याने सावरासावर केली नाही.

"बाहेरून मारलीय," तो म्हणाला. "मी लिहिलं ते चुकलं."

घड्याळ वाजलं.

सभागृहात टाळ्या वाजल्या, सभापतींनी हात वर करून त्या थांबवल्या आणि कागद चाळत म्हणाले, "मंडळाची वेळ संपली. रकान्याचा विषय मांडला गेला नाही, तो पुढच्या सुनावणीत. सहा महिन्यांनी. आता सिनेगॉगचा वार्षिक अहवाल."

आक्काने मान डोलावली. तिला हे ठाऊकच होतं. तिने भावाच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने चिंब होता.

गणिताच्या बाई उठल्या. हातात त्यांची जाड वही होती. त्या माइकपर्यंत गेल्या, वही उघडली, आणि तशीच मिटली. मग परत फिरून आक्कासमोर येऊन उभ्या राहिल्या. "फाइल द्या."

"कोणती फाइल?"

"एकेचाळीसची. लवकर. घड्याळ चालू आहे."

शिंप्यांनी बाईंची बाही ओढली. "आणि आपला अहवाल? सोळा घटना आहेत आपल्या!"

"आपलं काम आत्ता झालं," बाई म्हणाल्या. "तुम्ही बघत नव्हता का?"

आणि त्या वाचू लागल्या. वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तशा सरळ, कोरड्या आवाजात. तारीख, वेळ, जागा, शब्द, साक्षीदार. बसमधली बाई. देवळाची पाटी. वय नऊ, मुलगी, शाळेच्या व्हरांड्यात तिघींनी तिची टिकली खरवडून काढली, कपाळावर रक्त, शिक्षिकेने पाहिलं. औषधाच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ, त्यांना उद्देशून वापरलेले शब्द. ते शब्दही बाईंनी जसेच्या तसे वाचले, आणि त्यांच्या तोंडून ते इतके उघडेनागडे वाटले की समितीतल्या एका बाईंनी मान खाली घातली. मधे कुठेही "निंदनीय" नव्हतं, "संतापजनक" नव्हतं. आक्का दोन वर्षं हेच सगळं तळमळून सांगत आली होती. आज दुसऱ्याच माणसाच्या तोंडून, स्वतःचा वेळ देऊन बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकताना तिचे डोळे भरून आले, आणि ती चष्मा पुसत राहिली.

एकोणतिसाव्या नोंदीपाशी घड्याळ वाजायला आलं. बाईंनी फाइल मिटली.

"आणखी बारा आहेत. मी शिक्षिका आहे, म्हणून एवढंच सांगते. एकेचाळीसला 'इतर' म्हणत नाहीत. एकेचाळीसला एकेचाळीस म्हणतात."

त्या जाऊन बसल्या. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला सुचल्याच नाहीत.

पुढे काय झालं ते सांगायचं तर सगळंच काही गोड झालं नाही. हवालदाराने दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या हाताने दुरुस्तीचा कागद लिहिला आणि त्याची प्रत सिनेगॉगमध्ये नेऊन दिली. पेपराने ती बातमी पाचव्या पानावर, चपलांच्या सेलच्या जाहिरातीखाली चार ओळींत छापली. गोळी मारणारा कोण ते आजवर कळलेलं नाही. सलूनमधला माणूस अजूनही म्हणतो की काहीतरी असल्याशिवाय बोभाटा होत नाही. पण काचवाला आता तिथे, फेस पुसून, त्याला उत्तर देतो. रकाना सहा महिन्यांनी मंजूर झाला, पाच विरुद्ध दोन मतांनी. शिंप्यांनी त्या दिवशी बाईंशी अबोला धरला होता, तो तीन आठवड्यांनी त्यांनीच मोडला आणि ते मंगळवारच्या बैठकीला येऊन बसले. "मला लिहिता येत नाही चांगलं," ते आक्काला म्हणाले, "पण ऐकायला बसतो."

नवीन तावदान बसवायच्या दिवशी काचवाला सिनेगॉगपाशी पोचला तर दारात चिटणीस उभा. ऑफिसच्या कपड्यांत, बाह्या वर सारून.

"एकट्याने उचलायचं नाही म्हणे एवढं मोठं," तो पुटपुटला. "आक्का म्हणाली."

आक्का काहीच म्हणाली नव्हती, हे काचवाल्याला माहीत होतं. त्याने त्याला हातमोजे दिले.

काच चढवायच्या आधी बाई बाहेर आल्या. चिटणीस त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "बाई, मंडळाच्या बैठकीत मी तुमच्या लोकांबद्दल वाईट बोललो होतो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नसेल सांगितलं. म्हणून मी सांगतोय."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मुलगा कसा आहे?"

"बरा आहे. शाळेत जातो. मान वर करून जातो."

"मग काच धरा," बाई म्हणाल्या. "आणि खालून धरा, कडेने नको. हात कापेल."

दोघांनी मिळून तावदान उचललं, पुट्टीच्या ओल्या गादीवर टेकवलं. काचवाल्याने हळूहळू चारी कडा दाबल्या, एकेक बारीक खिळा ठोकला, बोटाने पुट्टीची कड ओढून घेतली. चिटणीस दोन्ही तळवे काचेला लावून, दात आवळून उभाच होता. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता तरी पुसायला त्याचा हात निघेना. काचवाला शिडीवरून उतरला, हत्यारं गोळा केली, पोतं गुंडाळलं, तरी हा आपला तसाच.

"चिटणीस," काचवाला म्हणाला, "सोडा आता. बसली."